गुडघ्याचे मुक्काम : ब्लॉकच्या छोट्या माणसाला वाकणारे पाय (प्रकल्प नोंदी)

४ जानेवारी

भाचीने काल लेगो ब्लॉकचं घर बांधलं. घराच्या दारात मांजर, मांजरासमोर माणूस. माणसाने एक गुडघा टेकून मांजराला गोंजारायचं होतं. तिने त्याला पुढे वाकवला, मागे झुकवला, शेवटी आडवाच ठेवला आणि मला विचारलं, "मावशी, ह्याला गुडघे का नाहीत?"

रात्री व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) घेऊन बसले. नव्या वहीचं पहिलं पान हे :

स्टड म्हणजे विटेच्या डोक्यावरचा गोल उंचवटा. दोन स्टडच्या मध्यांमधलं अंतर ८ मिमी. स्टडचा व्यास ४.८ मिमी, उंची १.८ मिमीच्या आसपास. पूर्ण वीट ९.६ मिमी उंच, प्लेट म्हणजे पातळ तुकडा ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटी मिळून एक वीट. माणसाच्या हाताच्या पकडीत बसणारी दांडी ३.२ मिमीला किंचित कमी. दोन स्टड रुंद तुकडा मोजला तर १६ नाही, १५.८ भरतो. शेजारचा तुकडा अडू नये म्हणून ती ०.२ ची फट सोडलेली असते.

ठरलं ते असं : कंबरेत आणि गुडघ्यात वाकणारा पाय, नेहमीच्या धडाखाली बसणारा, घरच्या थ्रीडी प्रिंटरवर निघणारा. भाची सात वर्षांची आहे आणि घरात तिच्याहून लहान कोणी नाही, म्हणून एवढ्या बारीक तुकड्यांचा विचार करता येतो. तीन वर्षांखालचं मूल असतं तर हे काम हातात घेतलंच नसतं.

७ जानेवारी

नवं करण्याआधी जुनं का तसं आहे हे समजून घ्यायचं होतं.

लेगोची माणसं १९७४ मध्ये आली ती आकाराने मोठी होती. हात हलायचे, पाय विटांचेच रचायचे. १९७५ मध्ये लहान माणूस आला, पण त्याचे हातपाय हलत नव्हते. आज ओळखीचा असलेला, कंबरेत वाकणारा माणूस १९७८ चा, येन्स निगार्ड क्नुडसेन यांच्या रचनेचा. पुढे २००२ मध्ये आखूड पाय आले, ते न वाकणारे. मधल्या उंचीचे, वाकणारे पाय यायला २०१८ उजाडलं. म्हणजे पायाच्या लांबीवर त्यांनी पुन्हा पुन्हा विचार केलेला दिसतो, पण या नेहमीच्या छोट्या माणसाला गुडघा दिलेला नाही.

प्लेमोबिल या दुसऱ्या खेळण्याची माणसं १९७४ चीच, हान्स बेक यांची, साडेसात सेंटीमीटर उंच. त्यांचे दोन्ही पाय एकत्र हलतात. उभं राहणं आणि बसणं. त्या दोन अवस्था मात्र पक्क्या.

१९७८ चा पाय आज बराच वेळ हातात धरून पाहिला. तळव्यात भोक, मागच्या बाजूलाही भोकं. उभा केला की स्टडवर बसतो, बसवला की मांडीमागची भोकं स्टडवर बसतात. पाय किती अंशांत वाकतो यापेक्षा वाकल्यावर तो कशाला पकडतो याचा विचार रचनाकाराने आधी केला असावा असं मला वाटतं. ही गोष्ट मनात ठेवायची आहे.

११ जानेवारी

मनात ठेवूनही पहिला पाय डोळ्यांच्या अंदाजाने काढला. कंबरेच्या सांध्यापासून गुडघ्यापर्यंत ७ मिमी, गुडघ्यापासून तळव्यापर्यंत ८.५, जाडी ७.८, सांधा जाडीच्या बरोबर मध्यावर. तिप्पट आकारात छापला, खिळी म्हणून टूथपिक घातली. टेबलावर एक गुडघा टेकून इतका छान बसला की मी लगेच फोटो काढला.

मग खऱ्या आकारात छापून प्लेटवर ठेवला. पुढचं पाऊल हवेत लोंबकळत होतं. खालची फट मोजली, २.४ मिमी. प्लेट ३.२ ची असते, त्यामुळे २.४ च्या फटीत काहीच जात नाही. खुर्चीवर बसवला तर तळवा जमिनीपासून अर्धवट वर. सगळ्या अवस्था दिसायला सुंदर, आणि एकही ब्लॉकच्या मापाला लागत नाही.

१५ जानेवारी

आज प्रिंटर बंद ठेवला. नुसती वही आणि पेन्सिल.

चार मापं धरली. मांडी म्हणजे कंबरेच्या सांध्यापासून गुडघ्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर. नडगी म्हणजे गुडघ्याच्या सांध्यापासून तळव्यापर्यंतचं. पुढची जाडी म्हणजे सांध्यापासून पायाच्या पुढच्या पृष्ठापर्यंत, मागची जाडी म्हणजे सांध्यापासून मागच्या पृष्ठापर्यंत. सांधा मधोमधच असला पाहिजे असा कोणताही नियम नाही, हे लक्षात आलं तेव्हा गाठ सुटली.

एक गुडघा टेकल्यावर कंबर जमिनीपासून किती वर येते? मांडी अधिक पुढची जाडी, कारण टेकलेल्या गुडघ्याखाली नडगीचं पुढचं पृष्ठ येतं. दुसरा पाय पुढे, मांडी आडवी, नडगी उभी. त्याचा तळवा कंबरेपासून एक नडगी खाली. म्हणून पुढच्या पावलाखालची फट = मांडी + पुढची जाडी − नडगी. जुन्या मापांत ७ + ३.९ − ८.५, म्हणजे बरोबर २.४. फट चुकून आलेली नव्हती, मीच ती आखलेली होती.

खुर्चीचं गणित याहून सोपं. बसल्यावर कंबरेचा सांधा तळव्यापासून एक नडगी वर असतो आणि आसन त्याच्याखाली मागच्या जाडीइतकं. आसनाची उंची = नडगी − मागची जाडी.

आता दोन्ही उत्तरं ३.२ च्या पाढ्यात आली पाहिजेत आणि एकूण जाडी ८ च्या आत राहिली पाहिजे. बरीच पानं खर्ची पडली. फट शून्य करून माणसाला सपाट जमिनीवर गुडघा टेकवता येईल का, हेही पाहिलं. त्यासाठी पुढची जाडी १.६ वर आणावी लागते, मग सांध्यासमोर प्लास्टिकच उरत नाही. सोडून दिलं.

शेवटी जमलं ते असं : मांडी ८, नडगी ९.६, पुढची जाडी ४.८, मागची ३.२. गुडघा टेकला की ८ + ४.८ − ९.६ = ३.२, म्हणजे पुढच्या पावलाखाली बरोबर एक प्लेट. आसन ९.६ − ३.२ = ६.४, म्हणजे बरोबर दोन प्लेटी. उभं असताना तळव्यापासून कंबरेच्या सांध्यापर्यंत १७.६, त्यावर कंबरेचा १.६ चा भाग, एकूण १९.२. पूर्ण दोन विटा. नेहमीच्या पायापेक्षा हा पाय थोडा लांब आहे, ते मी मान्य केलं.

एक गोष्ट मात्र जुळली नाही. उभ्या माणसापेक्षा गुडघा टेकलेला माणूस ४.८ मिमी खाली जातो, म्हणजे दीड प्लेट. त्यामुळे दोन्ही अवस्थांत हात एकाच पातळीतल्या वस्तूला पोचणार नाहीत. आणखी दोन तास घालवून पाहिलं. ते जुळवायला गेलं की आसन बिघडतं. आसन महत्त्वाचं.

१८ जानेवारी

नव्या मापांचा पाय छापला आणि प्लेटवर टेकवला. माणूस तिरका.

प्लेटवर स्टड असतात, आणि गणितात मी ते धरलेच नव्हते! तळव्याला भोक आहे म्हणून तो प्लेटच्या पृष्ठापर्यंत जातो. गुडघ्याला भोक नाही, तो स्टडच्या डोक्यावर थांबतो, १.८ मिमी वर.

दोन वाटा होत्या. गुडघ्यालाही पुढून भोक पाडायचं, किंवा गुडघा टाइलवर टेकवायचा. भोक पाडायला जागा आहे, पण उभ्या माणसाच्या गुडघ्याला समोरून खड्डा दिसेल आणि नडगीच्या टोकाशी दुसरा स्टड अर्धा आत, अर्धा बाहेर येईल. तो तळव्याची कडच कापतो. टाइल बरी. टाइल ३.२ मिमीचीच असते, वर गुळगुळीत. गुडघ्याखाली टाइल, पुढच्या पावलाखाली एकावर एक दोन प्लेटी. आसनावरही वर टाइल.

त्यातून या पायाचा नियम ठरला : पकडायचं ते फक्त तळव्याने, बाकी सगळ्यांनी नुसतं टेकायचं. पाय लांब करून जमिनीवर किंवा गाडीत बसवलेला माणूस यामुळे मोकळाच राहतो. गाडीसाठी जुना पाय आहेच.

२० जानेवारी

नियम ठरला तरी गुडघा टेकलेला माणूस अजून नीट बसत नव्हता. टेकलेल्या गुडघ्याचं नाक पुढच्या पावलाखालच्या प्लेटांवर आपटत होतं. किती? ०.८ मिमी.

कारण उघड होतं. एका स्टडची चौकट मध्यापासून पुढे ४ आणि मागे ४ मिमी. माझा सांधा स्टडच्या मध्यावर, पुढे जाडी ४.८. म्हणजे नुसता उभा असतानाही पाय शेजारच्या चौकटीत ०.८ घुसत होता. समोर भिंत असती तर उभाही राहिला नसता.

तळव्याचं भोक सांध्याच्या सरळ खाली असण्याची गरजच नव्हती. भोक ०.८ मिमी पुढे सरकवलं. आता पाय चौकटीच्या बरोबर मध्ये येतो, सांधा किंचित मागे. आणि मग एकापाठोपाठ एक गोष्टी जागेवर बसल्या. टेकलेल्या गुडघ्याचं पुढचं टोक चौकटीच्या रेषेवर थांबतं आणि पुढची प्लेट तिथून ०.१ मिमीवर सुरू होते. बसलेल्या माणसाची पोटरी आसनाच्या कडेपासून तितक्याच अंतरावर. तुकड्यांच्या कडेला सोडलेली ती फट माझ्याही कामी आली. एका सरकवण्याने तीन अडचणी गेल्या, आजचा दिवस फार आनंदाचा.

२३ जानेवारी

खीळ. पहिली ३.२ मिमीची छापली, उभी. दुसऱ्याच वाकवण्यात थरावर तुटली. साहजिक आहे, उभ्या छापलेल्या खिळीवर जोर येतो तो दोन थरांच्या जोडावर आणि सगळ्यात कच्ची जागा तीच. आडवी छापली तर खालची बाजू चपटी होते आणि सांधा अडखळतो.

मग रीळच पुढे ओढलं. १.७५ मिमीच्या फिलामेंटचा (प्रिंटर वितळवतो त्या प्लास्टिकच्या तारेचा) तुकडा ७.४ मिमीवर कापला, तीच खीळ. ती सलग ओढलेली असते, थर नसतात, गोलाई प्रिंटरपेक्षा कितीतरी चांगली. भोक १.७ चं छापायचं आणि हातातल्या बारीक गिरमिटाने १.८ चं करायचं. मधल्या जिभेत खीळ घट्ट राहावी म्हणून तिथलं भोक तसंच ठेवलं, बेचक्याच्या दोन्ही बाजूंना मोकळं केलं.

जीभ आणि बेचकं हे शब्द इथे लिहून ठेवते. मांडीच्या खालून निघते ती जीभ, ३.४ मिमी जाड. नडगीच्या वरच्या टोकाला बेचकं, त्याच्या दोन फांद्या २-२ मिमीच्या. दोन्हीकडे ०.१ ची फट. सगळं मिळून पाय ७.६ मिमी रुंद.

२८ जानेवारी

१९५८ मध्ये याच तारखेला आजच्या लेगो विटेच्या पकडीचं पेटंट दाखल झालं. त्या काळातली वीट आजच्या विटेवर बसते. एवढ्या वर्षांत माप हललं नाही, म्हणून माझ्यासारखी कोणीही वहीत ०.८ लिहून त्यावर विसंबू शकते.

आज सांध्याचं धरून ठेवणं. नुसत्या घर्षणावर गुडघा ठेवायचा की ठरावीक जागी खट्‌कन अडकवायचा? माझ्या सगळ्या उपयोगी अवस्था ० आणि ९० अंशांच्याच आहेत. उभा पाय ०. आसनावर कंबर ९०, गुडघा ९०. टेकलेला पाय कंबरेत ०, गुडघ्यात ९०. म्हणून बेचक्याच्या आतून दोन्हीकडे बारीक टेंगूळ आणि जिभेवर त्याला साजेशा खळ्या. टेंगूळ खळीत उतरलं की मुक्काम.

टेंगूळ ०.२ मिमी उंच, सांध्याच्या २.६ मिमी खाली. बेचक्याची खाच सांध्याच्या ७ मिमी खालपर्यंत.

१ फेब्रुवारी

बेचक्याची फांदी मोडली. सुमारे चाळीस वेळा वाकवून झालं होतं. दुसरा छापला, तो पंचवीस-तिसाव्या वेळी.

फांदी म्हणजे एका टोकाला धरलेली पट्टी. टेंगूळ तिला बाहेर ढकलतं तेव्हा मुळाशी येणारा ताण, म्हणजे तिथलं प्लास्टिक किती टक्के ताणलं जातं ते, काढायचं सूत्र सोपं आहे : तीन गुणिले जाडी गुणिले ढकललेलं अंतर, भागिले लांबीच्या वर्गाची दुप्पट. इथली लांबी खाचेच्या तळापासून टेंगळापर्यंतची, म्हणजे ७ − २.६ = ४.४. ३ × २ × ०.२ = १.२, भागिले ३८.७, म्हणजे ३.१ टक्के. वारंवार वाकणाऱ्या छापील पीएलएला (माझ्या रिळातल्या प्लास्टिकला) हे फार झालं. मी १ टक्क्याच्या आत राहायचं ठरवलं.

पहिला विचार फांदी बारीक करायचा होता. करूनही पाहिली, पण १.२ मिमीची फांदी हाताला लेचीपेची लागते, मुलांच्या हातात टिकणार नाही. खाच आणखी खोल करता येत नाही, कारण खालून तळव्याचं भोक १.९ मिमी वर आलेलं आहे आणि मध्ये जेमतेम ०.७ मिमीचं छत उरतं.

आणि मग संध्याकाळी भांडी घासताना सुचलं की टेंगूळ खालीच का? सांध्याच्या वर २.६ मिमीवर नेलं तर फांदीची लांबी ९.६ होते. बाकी एकही माप बदलायचं नाही. ताण ०.६५ टक्के!

२ फेब्रुवारी

टेंगूळ वर नेऊन छापलं. मोडत नाही, पण खट् असा आवाजही नाही, मऊ लागतं. लांबी दुपटीहून जास्त झाली की फांदीचा जोर घनाच्या प्रमाणात उतरतो, साधारण दहावा हिस्सा उरला. टेंगूळ ०.३ केलं. ताण ०.९८ टक्के, ठरवलेल्या मर्यादेच्या आत. आता बोटांना खट् जाणवतं आणि कानालाही ऐकू येतं.

एक काळजी घेतली आहे. खळीची खोली टेंगळाइतकीच ठेवली. मुक्कामाला असताना फांद्या पूर्ण सैल असल्या पाहिजेत. पीएलए सतत दाबून ठेवलं तर हळूहळू त्याच आकाराचं होऊन बसतं. माणूस महिनाभर कपाटात बसून राहिला तरी त्याचा गुडघा विश्रांतीत असला पाहिजे.

५ फेब्रुवारी

छापायची दिशा. नडगी उभी छापली तर फांद्यांचे थर आडवे येतात आणि मुळाशी चिरतात. कुशीवर छापली तर वरची फांदी अधांतरी. पुढच्या पृष्ठावर पालथी घातली की थर फांदीच्या लांबीने जातात. तेच ठेवलं. बेडला (प्रिंटरच्या पाटाला) चिकटणाऱ्या पहिल्या थराची कड फुगते, म्हणून तिथे ०.२ ची तिरकी काट. नोझल (प्लास्टिक बाहेर पडतं ते तोंड) ०.२५, थर ०.१.

९ फेब्रुवारी

तळव्याच्या भोकासाठी चाचणीची पट्टी छापली होती, ४.७० पासून ५.१५ पर्यंत दहा भोकं, प्रत्येक ०.०५ ने मोठं. ४.८५ उत्तम बसलं. तेच पायाला दिलं आणि पाय स्टडवर चढेचना.

पट्टीत भोकं आकाशाकडे तोंड करून छापली होती. पायात भोक आडवं छापलं जातं, छत किंचित खाली झुकतं आणि भोक लंबगोल होतं. पट्टी पुन्हा छापली, या वेळी पायाच्याच दिशेने. ४.९५. शिवाय गोल भोकाऐवजी चौकोनी केलं. स्टड चार ठिकाणी टेकतो, मधले कोपरे मोकळे राहतात, भिंतींना थोडं मागे सरायला वाव मिळतो. गोल भोकात ०.०५ चुकलं की एक तर जात नाही किंवा धरत नाही. चौकोनात तेवढी चूक खपते.

१५ फेब्रुवारी

भाची आली. एक जोडी तयार होती, निळी. तिने आधी दोन्ही गुडघे टेकवून बसवला, जे मी कधी करूनच पाहिलं नव्हतं. माणूस पुढे तोंडावर पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला.

"ह्याचं पोट जड आहे," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. हात पुढे, चेहरा पुढे, म्हणून वजन थोडं पुढे. आणि टेकणारा गुडघा मी समोरून गोल केला होता, सांध्याभोवती ४.८ त्रिज्येची गोलाई, कारण गुडघा गोल दिसावा असं मला वाटत होतं. टेकल्यावर त्या गोलाईचा आधार बरोबर सांध्याखाली संपतो. त्याच्या एक केस पुढे वजन गेलं की माणूस कलंडणार.

ती गेल्यावर कागदावर गुडघा फिरवून पाहिला. नडगी मागे वळते तेव्हा बेचक्याचा पुढचा-वरचा कोपरा मांडीपासून दूर, पुढे आणि खाली जातो. तो कोपरा मांडीला कधीच लागत नाही. गोल हवा आहे तो मागचा कोपरा, तो वर उठतो. समोरची गोलाई मी उगीच केली होती.

१६ फेब्रुवारी

समोरचा कोपरा चौकोनी ठेवला.

दोन्ही गुडघे टेकलेल्या माणसाचा आधार आता सांध्याच्या पुढे ४.८ मिमीपर्यंत जातो. हातात विटेचा तुकडा देऊनही पडला नाही. शिवाय वाकलेल्या गुडघ्याचं टोक मांडीच्या पुढच्या पृष्ठाशी सपाट जुळतं, मध्ये खाच दिसत नाही. आणि तिसरी गोष्ट मी मागितलीही नव्हती : पाय उलटा, पुढच्या बाजूला वाकवायला गेलं की तोच कोपरा लगेच मांडीला भिडतो आणि थांबतो. वेगळा अडसर काढायची गरज उरली नाही. अर्ध्या वाकलेल्या गुडघ्याला टोक दिसतं खरं, साधारण २ मिमी. खऱ्या गुडघ्यालाही वाटी असतेच.

पुढचं पृष्ठ पूर्ण सपाट झाल्यामुळे पालथं छापणंही सुधारलं.

१९ फेब्रुवारी

कंबर. इथे फार काही नाही. पाय बाजूने खुंटीवर बसतो, खुंटीला बारीक ओठ, ० आणि ९० ला खळ्या. एकच मुद्दा जाणीवपूर्वक ठेवला : दोन्ही पाय धरून फाकवले तर पाय खुंटीवरून निघून यावा, मोडू नये. पुन्हा दाबला की बसावा. मुलं पाय फाकवतातच. डावा आणि उजवा पाय वेगळे छापायचे, खुंटीचं भोक आतल्या बाजूला.

२२ फेब्रुवारी

भाचीची दुसरी फेरी. माणूस टेकला, बसला, उठला. मांजराला गोंजारून झालं. मग तिने त्याला पळवायला घेतलं. एक पाऊल स्टडवर, दुसरा पाय मागे हवेत, गुडघा अर्धा वाकलेला. ० आणि ९० च्या मधे गुडघा नुसत्या घर्षणावर राहतो. नव्या जोडीत राहिला. मी काही बोलले नाही, पण त्या अर्ध्या वाकलेल्या पायाकडे पाहत राहिले. हवेतल्या पायाला ब्लॉकच्या मापाशी देणंघेणं नसतं. मी सगळा हिशेब टेकणाऱ्या पायाचा केला होता.

१ मार्च

झीज मोजली. ग्रॅमच्या काट्यावर नडगीचं टोक दाबायचं, सांध्यापासून ९ मिमीवर, आणि सुटतं त्या क्षणाचा आकडा टिपायचा. नव्या गुडघ्याचा मुक्काम ६० ग्रॅमला सुटतो, म्हणजे ५४० ग्रॅम-मिमी. मधल्या कोनात ८ ग्रॅम, म्हणजे ७२. गरज किती? धड, डोकं, हात मिळून २.६ ग्रॅम, आणि पूर्ण आडवं झालं तरी वजनाचा मध्य गुडघ्यापासून फार लांब नाही, १६ मिमी धरले तर ४२ ग्रॅम-मिमीच्या आत.

मग पाचशे वेळा वाकवला. दोन संध्याकाळी गेल्या, बोटं दुखली. मुक्काम ४४ ग्रॅमवर आला, ३९६ ग्रॅम-मिमी, अजूनही गरजेच्या नऊपट. मधला कोन २ ग्रॅमवर, १८ ग्रॅम-मिमी. म्हणजे घर्षण गेलं. पाचशे वाकवण्यांनंतर हा माणूस पळताना धड सावरू शकणार नाही. जिभेच्या कडा चकचकीत झाल्या आहेत, खळ्यांच्या कडा मात्र शाबूत.

घर्षण वाढवायला फट कमी करून पाहिली, ०.०५. सुरुवातीला करकरला, नंतर तितकाच सैल. जीभ पीएलएची आणि बेचकं पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचं करून पाहिलं, करकर गेली, पण झीज तशीच.

३ मार्च

पळणाऱ्या पायालाही मुक्काम हवा. ४५ अंशांवर तिसरी खळी. टेंगळाच्या वाटेवर ४५ अंश म्हणजे २ मिमी, खळीची रुंदी १, म्हणजे दोन खळ्यांमध्ये १ मिमी भिंत उरते. पुरेशी आहे. मधली खळी मात्र उथळ ठेवली, ०.२ खोल, म्हणजे उभं राहणं आणि बसणं हे मोठे मुक्काम बोटांना वेगळे कळतात. फांद्या तिथे पूर्ण सैल होत नाहीत हे माहीत आहे. पळणारा माणूस महिनाभर पळत राहू नये, एवढंच.

काट्यावर ४५ ला २६ ग्रॅम. म्हणजे २३४ ग्रॅम-मिमी.

८ मार्च

तिसऱ्या खळीची जोडी, पाचशे वाकवण्यांनंतर : ० आणि ९० ला ४३ ग्रॅम, ४५ ला १९. फांद्यांच्या मुळाशी भिंगातून पाहिलं, पांढरी रेघ नाही. खीळ एका बाजूला ०.२ ने सरकली होती, बोटाने परत ढकलली. पुढच्या जोडीत खीळ ७.४ ऐवजी ७.६ ची कापायची, म्हणजे पायाच्या कडेशी सपाट बसेल आणि शेजारचा पाय तिला बाहेर येऊ देणार नाही.

१० मार्च

भाचीला चार जोड्या दिल्या, निळी, काळी आणि दोन तपकिरी. तिने टाइलची ओळ मांडली, पुढे दोन-दोन प्लेटींचे ठोकळे ठेवले आणि चारही माणसांना एकेक गुडघा टेकवून मांजराभोवती बसवलं. मग विचारलं, मांजराचा पाय वाकेल का.

मांजराचा पाय मोजला. २.४ मिमी जाड. १.७५ ची खीळ बसणार नाही.